मीटरबोर्ड वर चढवायचा खर्च भाडेकरूच्या माथी का?

पत्र शामरावनगर, सांगली इथून आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून देत नाही. मजकूर थोडा आवरून असा:

"ताई, नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून भाड्याने राहतो. चार मजली, सोळा फ्लॅटची इमारत आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, मी घरी शिकवण्या घेते. भाडं ९,०००, डिपॉझिट ५०,०००. मालक पुण्याला असतात, इथलं सगळं त्यांचे मेहुणे बघतात. करार अकरा महिन्यांचा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. त्यात 'मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा' एवढंच वाक्य आहे. महिन्याचे ९०० रुपये आम्ही सेक्रेटरीकाकांकडे देतो, कधी चुकवले नाहीत.

मागच्या महिन्यात बिल्डिंगची मीटिंग झाली. पुराच्या भीतीने पार्किंगमधला मीटरबोर्ड वर घ्यायचा, लिफ्टचं पॅनेल बदलायचं आणि टेरेसचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. प्रत्येक फ्लॅटला १८,००० आले. मालक म्हणतात, 'राहता तुम्ही, लिफ्ट वापरता तुम्ही, निम्मे तुम्ही द्या.' काका म्हणतात, 'तुमचं आपसात काय ते बघा, मला पैसे पाहिजेत.' शिवाय या महिन्यापासून भाडेकरूंना ५०० रुपये जादा लावलेत. आम्ही यायच्या आधीची मालकांची १४,००० थकबाकी आहे, तीही आता आमच्याकडेच मागतात. नाही दिले तर आमच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करू, असं परवा जिन्यात सगळ्यांसमोर बोलले. मुलगी माझ्याबरोबर होती, तिने घरी आल्यावर विचारलं, आपण पैसे बुडवलेत का? ताई, आम्ही कुणाचा रुपया बुडवलेला नाही. काय करावं?"

बाई, आधी थेट सांगते. निम्मे म्हणून मागितलेले ९,००० देऊ नका. जुनी थकबाकी तर अजिबात अंगाला लावून घेऊ नका. पण महिन्याचे ९०० एक दिवसही थांबवू नका. अपमान झाला की माणूस रागाने तेही बंद करतो, आणि तिथेच बाजू लंगडी पडते. उद्या प्रकरण कुठेही गेलं तरी 'यांनी आपला वाटा नियमित दिला' हे तुमच्या पावत्यांनी बोललं पाहिजे. पावती मिळत नसेल तर रोख देणं आजपासून बंद करा. यूपीआयने द्या आणि 'अमुक महिन्याचा मेंटेनन्स, फ्लॅट नंबर इतका' असं त्यात लिहा.

आता हे असं का, ते सांगते.

इमारतीच्या दप्तरात नाव मालकाचं आहे. सभेची नोटीस मालकाला जाते, सभेत बसायचा आणि मत द्यायचा हक्क मालकाचा. ज्या सभेत तुम्हाला हात वर करता येत नाही, तिथल्या ठरावाची वर्गणी थेट तुमच्याकडून वसूल करता येत नाही. सोसायटी असो की अपार्टमेंट, तिचा देणेकरी एकच, फ्लॅटचा मालक. तुम्ही देणं लागता ते मालकाला, आणि तेही करारात लिहिलंय तेवढंच. महिन्याचे ९०० तुम्ही काकांच्या हातात देता ती सोय आहे. मालकाच्या वतीने तुम्ही ते पोचवता. त्यामुळे काकांशी तुमचा वेगळा व्यवहार तयार होत नाही.

काकांचीही अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. लहान इमारतीत सेक्रेटरी म्हणजे बिनपगारी माणूस. पुण्या-मुंबईचे मालक फोन उचलत नाहीत, लिफ्टवाला मात्र रोज दारात उभा. मग जो समोर दिसतो त्याच्या मागे लागायचं, आणि समोर दिसतो तो भाडेकरू. पण अडचण खरी असली तरी मागणी बरोबर ठरत नाही. जिन्यात चारचौघांत, लेकराच्या देखत असं बोलणं तर कुठल्याच नियमात बसत नाही.

तुम्ही काकांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो जोडलाय, ते फार बरं केलंत. त्यात ९०० ची फोड आहे: जिना, लिफ्ट आणि मोटरचं वीजबिल २५०, वॉचमन २५०, झाडलोट १००, लिफ्टची वार्षिक देखभाल १२०, टाकी सफाई ३०, आणि 'फंड' १५०. यातले पहिले पाच खर्च रोजच्या वापराचे आहेत. तुम्ही राहता म्हणून दिवा जळतो, मोटर चालते, जिना झाडला जातो. ते भाडेकरूने द्यावेत ही रीत आहे आणि मला ती रास्त वाटते. शेवटचे १५० मात्र वेगळे. फंडात साठणारा पैसा उद्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, आणि त्या दुरुस्तीचा फायदा ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याला. नियमाला धरून बोलायचं तर ते मालकाचे. पण दोन वर्षं तुम्ही ९०० एकरकमी देत आलात, तेव्हा त्यावर आज भांडू नका. पुढच्या करारात तेवढं वेगळं काढून घ्या. मालक १८,००० चा निम्मा भार मागायला आलेच तर मात्र हे १५० जरूर आठवण करून द्या: दोन वर्षांचे ३,६०० रुपये मोठ्या कामासाठी तुम्ही आधीच भरलेत.

आता त्या १८,००० कडे येऊ. चिठ्ठीनुसार मीटरबोर्डचे ६,०००, लिफ्टच्या पॅनेलचे ७,०००, टेरेसचे ५,०००.

मीटरबोर्ड वर घेणं किती गरजेचं आहे हे सांगलीकराला समजवायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैतही पुन्हा तेच भोगलं. शामरावनगरसारख्या सखल भागात पार्किंग भरलं की मीटर, मोटर, लिफ्टचा खड्डा सगळंच बुडतं, आणि पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस वीज परत येत नाही. तेव्हा काम व्हायलाच हवं. महावितरणची परवानगी घेऊन, परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. पण हे इमारतीत कायमची सुधारणा करणारं काम आहे. पुढच्या वर्षी मिस्टरांची बदली झाली, तर बोर्ड तुम्ही बरोबर नेणार आहात का? तो तिथेच राहणार, पुढची वीस वर्षं मालकाच्या फ्लॅटची किंमत राखणार, आणि पुढच्या भाडेकरूकडून भाडं थोडं जास्त मागायलाही कामी येणार. टेरेसचंही तेच. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, म्हणून नव्हे. चौथ्या मजल्यावर असता आणि छत गळत असतं, तरी वॉटरप्रूफिंग मालकाचंच होतं.

लिफ्टच्या बाबतीत लोकांचा जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते. लिफ्टचे खर्च दोन प्रकारचे. एक देखभालीचा: दर महिन्याला माणूस येतो, ग्रीस लावतो, दार तपासतो, त्याचा वर्षाचा करार असतो. ते तुमच्या महिन्याच्या १२० मध्ये आले. दुसरा बदलाचा: पॅनेल, दोर, मोटर, केबिन. हा मालकाचा. 'लिफ्ट वापरता तुम्ही' हा मालकांचा मुद्दा पहिल्या खर्चाला लागू होतो, दुसऱ्याला नाही. तुम्ही दोन वर्षं वापरली म्हणून पॅनेल खराब झालेलं नाही. ते इमारतीच्या वयाने झालंय, त्या काळात मालक स्वतः राहत असतील, आधीचे भाडेकरू असतील. अपवाद एकच. सामान चढवताना तुमच्या कपाटाने लिफ्टचं दार वाकलं असतं, तर तो खर्च पूर्ण तुमचा होता, निम्मा नव्हे.

वापराचाच मुद्दा निघाला म्हणून आणखी एक. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा असतो, लिफ्ट वापरा किंवा वापरू नका. तळमजल्यावरचेही देतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा खर्च वापरावर बसवलेलाच नाही, मालकीवर बसवलाय.

मालकांच्या कानावर आणखी एक गोष्ट घाला, शांतपणे. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर मोजताना मालकाला घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्षात एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते. तुमचं वर्षाचं भाडं १,०८,०००. घरपट्टी सोडली तर ३२,००० च्या आसपास रकमेवर त्यांना कर नाही. घर नीट ठेवायला मालकाला खर्च येतो हे सरकारने आधीच धरलेलं आहे. तोच खर्च भाडेकरूकडून घ्यायचा आणि वजावटही घ्यायची, हे मला पटत नाही, आणि तुम्हीही पटवून घेऊ नका.

करारातल्या त्या एका वाक्याचं काय? 'मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा.' मालक त्यावर बोट ठेवतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवायची जबाबदारी घरमालकाची असते, पण 'उलट करार नसेल तर' अशी अट तिथे आहे. तेव्हा वाक्याचा अर्थ काय घ्यायचा हा प्रश्न उरतो. माझं मत असं: दोन वर्षं दोन्ही बाजूंनी 'मेंटेनन्स' म्हणजे महिन्याचे ९०० हाच अर्थ घेतला, तसाच व्यवहार केला. आज त्यात पॅनेल आणि वॉटरप्रूफिंग घुसवता येणार नाही.

आणि इथे मालकांचीच बाजू कच्ची आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार, मग तो लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी) का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सांगली-मिरजेत निम्म्याहून जास्त लोक याच समजुतीवर चाललेले मला दिसतात. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे 'मेंटेनन्स म्हणजे महिन्याचे ९००' हे तुमचं म्हणणं आधी उभं राहतं. ते खोडायचं काम मालकांचं.

हे हत्यार म्हणून परजू नका. पण माहीत असू द्या, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

आता ते जादा ५०० रुपये. इथे आधी तुमची इमारत कशात मोडते ते बघावं लागेल. पावतीच्या माथ्यावर काय छापलंय ते वाचा. 'सहकारी गृहनिर्माण (किंवा गृहरचना) संस्था मर्यादित' आणि नोंदणी क्रमांक असेल तर ती सोसायटी. 'अपार्टमेंट' किंवा 'कंडोमिनियम' असेल तर ती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची. आणि साधी वही, गल्ल्यातली पावती आणि व्हॉट्सॲप ग्रुप एवढंच असेल तर कदाचित काहीच नोंदलेलं नाही. आपल्याकडे अशाही इमारती पुष्कळ आहेत. तिथे सभा ही शेजाऱ्यांची बैठक असते, तिला दंड किंवा जादा आकार लावायचा अधिकारच नसतो.

सोसायटी असेल तर हा आकार म्हणजे बिनभोगवटा शुल्क, मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लावलेलं. सगळे त्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात. ऑगस्ट २००१ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून त्यावर मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली. ही टक्केवारी पूर्ण बिलावर नसते, फक्त सेवाशुल्कावर असते. तुमच्या चिठ्ठीत वॉचमन, झाडलोट आणि सामाईक वीज धरली तरी सेवाशुल्क होतं फार तर ६००. त्याचे १० टक्के म्हणजे ६० रुपये. कुठे ६० आणि कुठे ५००! शिवाय हे शुल्कही सभासदावर, म्हणजे मालकावर लागतं. करारात लिहिलं नसेल तर तुमच्याकडून घ्यायचं नाही. आणि मालकाचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून, नातवंडं राहत असतील तर ते लावायचंच नसतं.

अपार्टमेंट असेल तर सहकारी कायद्यातली ही मर्यादा आपोआप लागू होत नाही. तिथे इमारत त्या कायद्याखाली आणताना नोंदवलेलं मूळ घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी बघायचे. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या ठरलेल्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटायचा असतो. तेव्हा वन बीएचके आणि थ्री बीएचके सगळ्यांना सरसकट १८,००० लावलेत, तर तो हिशोबच मुळात तपासायला हवा. पण हे मालकांनी तपासायचं. त्यांच्या खिशातून जाणार म्हटल्यावर ते तपासतीलही.

थकबाकीबद्दल फार लिहायची गरज नाही. तुम्ही राहायला यायच्या आधीचे १४,००० हे मालकाचं कर्ज आहे. तुम्ही त्यातला रुपयाही देऊ नका, 'थोडे देऊन मिटवू' असंही नको. एकदा दिलेत की पुढच्या वर्षीचेही तुमच्याकडेच मागतील. सोसायटीला थकबाकी वसुलीसाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला घेता येतो. अपार्टमेंटमध्ये थकलेल्या खर्चाचा बोजा त्या फ्लॅटवरच चढतो, विकायची वेळ आली की मालकाला तो चुकवावाच लागतो. कायद्याने काकांना पुरेसे रस्ते दिलेत. ते वापरायचे सोडून तुमचा वॉल्व्ह बंद करायचा, हे चालणार नाही.

वॉल्व्हची धमकी मला सगळ्यात जास्त खटकली. पाणी तोडणं हा पैसे वसूल करायचा मार्ग नाही, कुणाच्याच बाबतीत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने किंवा त्याच्या वतीने कुणी भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडू नये, असं म्हटलंय. त्यात पाणी आणि वीज तर आलीच, पण जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट आणि सफाईसुद्धा आली. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणून समोरचा वकील म्हणेल की हे कलम 'भाडेकरूं'साठी आहे, तुम्हाला नाही. म्हणू दे. तो वाद कोर्टात व्हायचा तेव्हा होईल. पण नियमित पैसे भरणाऱ्या घराचं पाणी तोडलं, तर पोलिसात तक्रार देता येते, आणि सोसायटी असेल तर उपनिबंधकांकडेही अर्ज करता येतो. वॉल्व्ह खरंच बंद केलाच, तर त्याच दिवशी वेळेसह फोटो काढा, काकांना आणि मालकांना लेखी कळवा, आणि जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे बऱ्याच बायकांना माहीतच नसतं, आणि मग नवरा रजा काढेल तेव्हा बघू म्हणून दिवस जातात.

आता करायचं काय ते. मालकांना पत्र पाठवा. फोनवर बोलू नका, मेहुण्यांमार्फत निरोपही नको. भाषा साधी ठेवा, अशी काहीतरी:

"आपल्या शामरावनगर येथील फ्लॅटमध्ये आम्ही लीव्ह अँड लायसन्स कराराने राहतो. दरमहा मेंटेनन्स ९०० रुपये आम्ही आजवर नियमित भरलेला आहे, पुढेही भरू. इमारतीच्या सभेने ठरवलेले १८,००० रुपये हे मीटरबोर्ड, लिफ्टचे पॅनेल व गच्चीच्या कामाचे असून ते फ्लॅटमालक म्हणून आपण भरावयाचे आहेत. आमच्या आधीची १४,००० रुपये थकबाकीही आपली आहे. या रकमांसाठी आमच्याकडे मागणी होत असून पाणी बंद करण्याचे बोलले गेले आहे. आपण आठ दिवसांत सेक्रेटरींशी संपर्क करून हा विषय मिटवावा."

याहून जास्त लिहू नका. कायद्याची कलमं, मुलीसमोर काय झालं, काही नको. ते मागच्या खिशात राहू दे. पत्र पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. एक प्रत काकांना हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घ्या. सही नाही दिली तर व्हॉट्सॲपवर पाठवा. काकांना देताना मालकांचा पुण्याचा पत्ता आणि चालू नंबरही द्या. खरं तर त्यांना हवा होता तो तोच.

आणि मालकांनी 'तूर्त तुम्ही भरा, मी भाड्यात वळते करतो' असं म्हटलं तर? हे बऱ्याचदा चांगल्या मनाने म्हटलं जातं. तुमच्याकडे तेवढे पैसे मोकळे असतील तर हो म्हणायला हरकत नाही. पण आधी त्यांच्याकडून लेखी घ्या: किती रक्कम, कोणकोणत्या महिन्यांच्या भाड्यात कापायची. ९,००० भाडं म्हणजे १८,००० चे बरोबर दोन महिने. मेसेजवर 'हो' आलं तरी चालेल. तोंडी मात्र नको. स्वतःच्या मनाने भाडं कापायलाही जाऊ नका. तसं केलंत की थकबाकीदार तुम्ही ठरता.

करार संपत आलाच असेल. या वेळी नोंदणी करून घ्या. आता ऑनलाइन होते, अधिकृत सेवा देणारा माणूस घरी येऊन आधार आणि अंगठा घेतो, पुण्यातले मालक पुण्यातूनच अंगठा देऊ शकतात. खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. तुमचं भाडं आणि डिपॉझिट धरून अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क ३०० रुपयांच्या आत येतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर सेवा देणाऱ्याचे जे काय असतील ते. निम्मे तुम्ही द्या, निम्मे मालक देतील. मेंटेनन्सचं कलम या वेळी नीट लिहा: सामाईक वीज, पाणी, वॉचमन, सफाई आणि लिफ्टची वार्षिक देखभाल भाडेकरूने, घरपट्टी, सर्व फंड, मोठ्या दुरुस्त्या, नवी कामं, बिनभोगवटा शुल्क आणि आधीची थकबाकी मालकाने. डिपॉझिटमधून काय कापता येईल आणि काय नाही, हेही त्यातच लिहून घ्या. कारण आज जे निम्मे मागितले ते तुम्ही दिले नाहीत, तर घर सोडताना डिपॉझिटमधून कापायचा मोह मालकांना होणार, हे धरून चला.

मालकांनी 'नसेल पटत तर घर सोडा' म्हटलं, तर घाबरून त्याच दिवशी होकार देऊ नका. चालू कराराची मुदत आहे, नोटिशीचा काळ आहे. आणि नियमित भाडं देणारं, फ्लॅट नीट ठेवणारं कुटुंब मिळणं सोपं नाही, हे त्यांनाही चांगलं माहीत आहे.

मुलीला मात्र आजच सांगा, तिला समजेल अशा शब्दांत. आपण आपले पैसे दर महिन्याला देतो, या वह्या, हे मेसेज. तिला दाखवा. आणि बोर्डाचं काम सुरू होईल तेव्हा इलेक्ट्रिशियनला घरात यायला लागलं, दिवसभर वीज बंद ठेवावी लागली, तर सगळ्यात आधी तुम्ही सहकार्य करा. काम पावसाळ्याआधी व्हायला हवं. पैसे मालकांचे असले तरी पाणी आलं की अंधारात तुम्हालाच बसायचं आहे. काकांना हे स्वतःहून सांगितलंत तर पुढच्या वेळी जिन्यात भेट झाल्यावर बोलणं सोपं जाईल.